निर्णयाचें शिक्षण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक, शिक्षक व विद्यार्थी यांच्या मेळाव्यांत धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. त्यानिमित्त चाललेल्या समारंभांत आपण पुष्कळांचें ऋण आठवलें. ज्यांनीं देवळासाठीं आपल्या वाडीचा तुकडा दिला, ज्यांनीं रेतीचीं घमेलीं डोक्यावर वाहिलीं, ज्यांनीं पहिल्या मुलांना धर्मशिक्षणाचे पाठ दिले, त्या सर्वांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण झालें. तें योग्यच होतें. परंतु पन्नासाव्या वर्षाचा मूळ अर्थ केवळ स्मरणाचा नाहीं. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांना हें वर्ष पाळावयास सांगितलें, तेव्हां त्याचें मुख्य लक्षण असें ठरविलें कीं, गरिबीपायीं विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि ज्यानें नाइलाजानें स्वतःस दुसऱ्याच्या चाकरींत विकलें असेल तो मोकळा होऊन आपल्या घरीं परतावा. ज्याचें त्याला परत देणें, हा महोत्सवाचा आत्मा होय.

हा अध्याय वाचतांना माझ्या मनांत विचार आला कीं, आपल्या ताब्यांत दुसऱ्याचें असें काय राहून गेलें आहे? जमिनीचे वाद ज्याचे त्याला ठाऊक. त्यांत मी पडत नाहीं. परंतु आपल्या पुष्कळ घरांत, पुष्कळ शाळांत, आणि हेंहि कबूल केलें पाहिजे कीं, पुष्कळ धर्मगुरूंच्या निवासांतहि, मुलांची एक वस्तु मोठ्या माणसांनीं आपल्या पेटींत कुलूप लावून ठेवली आहे. ती आम्हीं चोरली नाहीं. प्रेमानें, सांभाळण्यासाठीं म्हणून घेतली, आणि परत देण्यास विसरलों. ती वस्तु म्हणजे त्यांचा स्वतःचा निर्णय. आज मी बोलणार आहें तें या एका गोष्टीविषयीं.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वीं स्वतःचा दोष सांगणें हें आपल्या धर्मास धरून आहे. म्हणून प्रथम माझी गोष्ट सांगतों. ती ज्याच्या संबंधांत घडली त्याची परवानगी मीं घेतली आहे. नांव मात्र सांगत नाहीं. सुमारें बावीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक धर्मगुरु होतों. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यांत एक विधवा माता आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. मुलास चांगले गुण मिळाले होते. त्याचें मन हत्यारांत फार रमत असे. देवळांतला ध्वनिवर्धक बिघडला किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवरचा पंप बंद पडला कीं लोक त्यालाच हांक मारीत. आईनें मला विचारलें, "फादर, आतां याला कोठें घालूं?" मीं गुणपत्रिका पाहिली आणि म्हणालों, "एवढे गुण आहेत, सायन्सला घाला. पुढें इंजिनियर होईल." मुलानें मान हालविली. ती मी संमति समजलों. सगळें मिळून दहा मिनिटें लागलीं असतील. आई पायां पडून गेली, आणि एका गरीब घराचें आपण कल्याण केलें या समाधानांत मी त्या रात्रीं झोपलों.

तो मुलगा इंजिनियर झाला. मध्यें एक-दोन वर्षें अडखळला, पण झाला. मुंबईंत त्यास बऱ्या पगाराची नोकरी लागली, आईसाठीं त्यानें घर बांधलें. तेव्हां माझा सल्ला चुकला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु बारा वर्षांनीं तो मला शोधीत माझ्या नव्या धर्मग्रामांत आला. त्यास एका मुलीचें स्थळ आलें होतें. तो म्हणाला, "फादर, सगळे म्हणतात मुलगी चांगली आहे. मी हो म्हणूं कीं नको?" मीं सहज विचारलें, "तुला काय वाटतें?" तो बराच वेळ गप्प बसला. मग खालीं पाहत म्हणाला, "मला काय वाटतें, हें मला शोधतांच येत नाहीं, फादर. तें मला कधीं कोणीं विचारलेंच नाहीं."

हें तो रागानें बोलला असता तर मला उत्तर देतां आलें असतें. तो अगदीं शांतपणें बोलला. तेव्हां मला कळलें कीं, त्या दहा मिनिटांत मीं त्याचा एक अभ्यासक्रम ठरविला, इतकेंच झालें नव्हतें. आयुष्यांतील पहिला मोठा निर्णय करण्याची जी संधि देवानें त्याच्यापुढें ठेवली होती, ती मीं स्वतःच्या हुशारीनें खाऊन टाकली होती. ज्यानें सोळाव्या वर्षीं लहानसा भार उचललाच नाहीं, त्याच्या खांद्यावर अठ्ठाविसाव्या वर्षीं एकदम मोठा भार आला, आणि खांदा तयार नव्हता.

आतां यांतील धोका किती खोल आहे तो पाहा. विवाहसंस्कारांत वधूवरांची मोकळी संमति हाच गाभा आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधानांतील १०५७ वें कलम स्पष्टपणें सांगतें कीं, विवाह त्या संमतीनें घडतो, आणि ती संमति दुसऱ्या कोणत्याहि मानवी सत्तेस त्यांच्या वतीनें पुरवितां येत नाहीं. बाप कितीहि थोर असो, धर्मगुरु कितीहि विद्वान असो, वेदीसमोरचा "होय" हा त्या दोघांनींच उच्चारावयाचा. गुरुदीक्षेचें आणि संन्यस्त जीवनाचेंहि तसेंच आहे. दडपणाखालीं आलेला उमेदवार ख्रिस्तसभेस नको असतो. म्हणजे आपल्या श्रद्धेचे सर्वांत मोठे "होय" ज्या शक्तीवर उभे आहेत, ती शक्तिच आपण मुलांमध्यें वाढूं देत नाहीं, आणि मग ऐन वेळीं तिची अपेक्षा करतों.

कोणी म्हणेल, "फादर, मुलें लहान असतात, त्यांना काय कळतें?" या प्रश्नाचें उत्तर ख्रिस्तसभेनें शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं देऊन ठेवलें आहे. १९१० सालीं पोप दहावे पायस यांच्या आज्ञापत्रानें ठरविण्यांत आलें कीं, मुलास समज आली, म्हणजे सुमारें सातवें वर्ष लागलें, कीं त्यास पापनिवेदन व प्रथम कम्युनियन यांपासून दूर ठेवूं नये. याचा अर्थ काय? बरें कोणतें आणि वाईट कोणतें, हें ओळखून त्याचा जाब देण्याची योग्यता सात वर्षांच्या बालकास आहे असें ख्रिस्तसभा मानते. ज्याच्यावर सातव्या वर्षीं पापपुण्याच्या विवेकाचा विश्वास टाकला, त्याच्यावर सोळाव्या वर्षीं विषय निवडण्याचाहि विश्वास आपण टाकूं नये, हा न्याय कोणता?

मात्र विश्वास टाकणें म्हणजे सोडून देणें नव्हे. पोहणें शिकविणारा मुलास विहिरीवरच्या काठावर कायम बसवून ठेवीत नाहीं, आणि एकदम ढकलूनहि देत नाहीं. कमरेला दोर बांधून पाण्यांत उतरवितो, आणि दोर हळूहळू सैल करतो. निर्णय करणें ही देखील शिकण्याची विद्या आहे. ती कशी शिकवावी, याविषयीं आपल्या संतांनीं जें सांगितलें तें मी थोडक्यांत मांडतों.

संत थॉमस अक्विनस यांनीं विवेक या सद्गुणाचें विवेचन करतांना त्याचीं तीन कार्यें सांगितलीं आहेत. पहिलें विचारणा, दुसरें निवाडा, तिसरें आज्ञा. विचारणा म्हणजे माहिती गोळा करणें, जाणत्यांस विचारणें. निवाडा म्हणजे सर्व बाजू पाहून कोणता मार्ग योग्य तें ठरविणें. आणि आज्ञा म्हणजे ठरलेलें कृतींत आणण्याचा हुकूम स्वतःच्या मनास देणें. संत थॉमस यांच्या मतें विवेकाचें मुख्य कार्य हें तिसरें होय. आपली चूक अशी होते कीं, आपण पहिलीं दोन कार्यें मुलांच्या वतीनें उरकतों आणि तिसरें तेवढें त्यांच्या अंगावर टाकतों. मग मूल अभ्यासास बसत नाहीं म्हणून आपण त्यास आळशी म्हणतों. परंतु दुसऱ्याच्या निवाड्यास स्वतःची आज्ञा जोडणें मोठ्या माणसांसहि जड जातें, हें आपण विसरतों.

आतां पहिलें कार्य पाहूं. आपले विद्यार्थी विचारणा कशी करतात? बहुतेक वेळां मित्रानें जो विषय घेतला तोच घेतात. प्रभु येशूनें एक साधा दृष्टांत दिला आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा माणूस आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहतें आणि येणारेजाणारे हंसतात. यांतील "बसून" हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. उभ्या उभ्या, निकालाच्या गर्दींत, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशीं हिशेब होत नसतो. ज्यास वैद्यकीय शिक्षण घ्यावयाचें आहे, त्यानें एखाद्या डॉक्टरास जाऊन विचारावें कीं, शिकण्यास किती वर्षें लागलीं, रात्रपाळ्या कशा असतात, प्रवेशपरीक्षेंत पहिल्या खेपेस न जमल्यास काय करावें लागतें. ज्या मुलीस परिचारिका व्हावयाचें आहे, तिनें आपल्या धर्मग्रामांतील परिचारिकांकडे जाऊन बसावें. अशा भगिनी आपल्याकडे थोड्या नाहींत. जहाजावर जावयाचें असेल, परदेशीं शिकावयास जावयाचें असेल, तर जो गेला आणि सुखी झाला त्यासच नव्हे, जो गेला आणि परत आला त्यासहि विचारावें. ज्यास वडिलांची केळीची, फुलांची वाडी करावयाची आहे, त्यानेंहि लाजूं नये; पण पाण्याचा, मजुरीचा आणि बाजारभावाचा हिशेब मांडावा.

या हिशेबांत पालकांचें एक कर्तव्य आहे, तें म्हणजे घरची खरी स्थिति मुलांपुढें मांडणें. आपण कर्ज काढतों आणि मुलांपासून लपवितों. त्यांना वाईट वाटूं नये म्हणून. मग मूल कोणत्या आधारावर विचार करणार? "बाळ, आपल्याकडे एवढे पैसे आहेत, एवढें कर्ज निघेल, त्याचा हप्ता इतका येईल," असें सांगणें म्हणजे मुलावर भार घालणें नव्हे; त्यास घरचें माणूस मानणें होय.

दुसरें कार्य निवाडा. येथें मला लोयोलाचे संत इग्नेशियस यांची आठवण होते. १५२१ सालीं पाम्प्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडून ते घरीं पडून होते. वाचावयास शौर्यकथा मागितल्या, त्या मिळाल्या नाहींत. ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रें मिळालीं. पडल्या पडल्या ते कधीं दरबारी पराक्रमाचीं स्वप्नें पाहत, कधीं संतांप्रमाणें जगण्याचीं. दोन्ही स्वप्नें पाहतांना गोड वाटत. परंतु पहिल्या प्रकारच्या स्वप्नांनंतर मन कोरडें, असमाधानी राहतें, आणि दुसऱ्या प्रकारच्या स्वप्नांनंतर आनंद टिकून राहतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. या एका निरीक्षणांतून पुढें त्यांचें सर्व आयुष्य बदललें, आणि १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं मान्यता दिलेलें "आध्यात्मिक साधना" हें पुस्तक तयार झालें. विद्यार्थ्यांनो, तुम्हांलाहि हें निरीक्षण करतां येईल. मोबाईलवर दुसऱ्याचें सुख पाहून मनांत उठणारी इच्छा गोड असते. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय मागें ठेवून जाते, तें पाहा. जें टिकतें त्याच्यावर भरंवसा ठेवा.

त्या पुस्तकांतील आणखी दोन-तीन रीति मी स्वतः वापरल्या आहेत. कागद घेऊन एका बाजूस हा मार्ग घेतल्याचे लाभ आणि हानि लिहाव्या, दुसऱ्या बाजूस तो न घेतल्याचे लाभ आणि हानि लिहाव्या. मग यादी कोणाची लांब तें मोजूं नये, कारणांचें वजन पाहावें. दुसरी रीत अशी कीं, आपल्याच स्थितींतला एखादा अनोळखी माणूस सल्ला मागावयास आला तर त्यास आपण काय सांगूं, याची कल्पना करावी; दुसऱ्यास सल्ला देतांना आपण बहुधा अधिक प्रामाणिक असतों. तिसरी रीत ही कीं, मरणाच्या घटकेस आपण काय निवडलें असतें तर बरें झालें असतें असें वाटेल, तें आजच विचारावें. आणि एक नियम कायमचा लक्षांत ठेवावा. मन निराशेनें, भीतीनें काळवंडलें असेल तेव्हां पूर्वीं शांतपणें केलेला निश्चय बदलूं नये. वादळांत होडीचा नांगर कोणी उचलीत नाहीं.

हा नियम मी मुद्दाम सांगतों. निकालाच्या दिवसांत आपल्या देशांत दरवर्षीं कांहीं मुलें एका गुणपत्रिकेस आयुष्याचा शेवटचा निवाडा समजतात, आणि कांहीं घरांचें जन्माचें नुकसान होतें. मुलांनो, मन अगदीं काळोखांत गेलें असेल तर त्या वेळीं कोणताहि निर्णय एकट्यानें करावयाचा नसतो. आईला उठवा, शिक्षकांना सांगा, मला रात्रीं दोन वाजतांहि फोन करा. आणि मातापित्यांनो, मुलानें दार ठोठावलें तर "आतां आठवलें का?" असें म्हणूं नका.

एक दार बंद झालें म्हणजे देवाचा मार्ग बंद झाला असें नाहीं, याचा दाखला आपल्याच भूमींत आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. येशुसंघीयांच्या हाताखालीं शिकून ते तरुणपणींच त्यांच्याबरोबर जपानला गेले, तेथील भाषा आत्मसात केली, आणि कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं. ते व्यापारांत पडले, आणि त्यांत त्यांना यशहि आलें. येथें गोष्ट संपली असती. परंतु धंद्याच्या भरभराटींतहि मनांतली हांक विझली नाहीं. ते मनिला येथें गेले आणि फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाले. १५९३ सालीं त्या संघाचे धर्मगुरु जपानला निघाले तेव्हां दुभाषी कोण? तर तेच गोन्सालो. पहिल्या प्रयत्नांत जीं वर्षें वायां गेलीं असें कोणासहि वाटलें असतें, त्याच वर्षांत शिकलेली भाषा देवाच्या कामीं आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण दिले, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. नापसंतीचा शिक्का बसलेला एक तरुण वेदीवर चढला. कारण नकार मिळाल्यावर त्यानें दुसऱ्यास दोष देत बसण्याऐवजीं पुन्हां निर्णय केला.

आतां मातापित्यांच्या मनांतील मुख्य भीतीकडे येतों. "आम्हीं मोकळीक दिली आणि मूल चुकलें तर?" चुकेल, कधीं कधीं खचित चुकेल. परंतु आपण मोकळीक दिली नाहीं तरी आपलीं गणितें बरोबरच येतील असेंहि नाहीं. संत थॉमस यांच्या घरच्यांचीच गोष्ट घ्या. तरुण थॉमस यांनीं भिक्षेवर जगणाऱ्या डोमिनिकन संघांत प्रवेश केला, तें त्या सरदार घराण्यास रुचलें नाहीं. मोंते कासिनोसारख्या प्रसिद्ध मठाचें अधिपत्य मुलास मिळावें अशी घरची आशा होती. १२४४ सालीं त्यांच्या भावांनीं त्यांना वाटेंत पकडून आणलें, आणि सुमारें एक वर्ष घरच्याच गढ्यांत कोंडून ठेवलें. त्या लोकांचें थॉमसवर प्रेम नव्हतें असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांचा बेत सिद्धीस गेला असता तर ख्रिस्तसभा आपल्या एका सर्वश्रेष्ठ आचार्यास मुकली असती. आपल्या घरांत आज कोणी गढी बांधीत नाहीं. "तुझ्यासाठीं आम्ही एवढे झिजलों" हें एक वाक्य गढीच्या भिंतीहून जाड असतें.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतील पित्याकडे पाहा. मुलगा वांटणी मागतो; पित्यास त्याचा परिणाम दिसत नसेल काय? तरी तो देतो. त्याच्या मागें गडी पाठवून त्यास ओढून आणीत नाहीं. आणि मुलगा परत येतो तेव्हां पिता त्यास दूर असतांनाच ओळखतो. दुरून ओळखण्यासाठीं रस्त्याकडे पाहत बसावें लागतें. निर्णय मुलाच्या हातीं देणें आणि परतीच्या रस्त्यावर डोळे लावून बसणें, या दोन्ही गोष्टी मिळून पितृत्व होतें. एक केली आणि दुसरी सोडली तर कांहीं घरें तुरुंग होतात आणि कांहीं घरें धर्मशाळा.

मुलींविषयीं दोन शब्द वेगळे बोलणें भाग आहे. मुलास आपण निदान चुकीचा प्रश्न तरी विचारतों. मुलीस पुष्कळदां प्रश्नच विचारीत नाहीं. "तिचें सासरीं गेल्यावर ठरेल" हें वाक्य मीं सुशिक्षित घरांतहि ऐकलें आहे. बंधूंनो, आपल्या तारणाचा आरंभ एका तरुण कुमारीच्या निर्णयानें झाला. देवदूत संदेश घेऊन आला; तिनें निमूटपणें मान हालविली नाहीं. "हें कसें होईल?" असें विचारलें, उत्तर ऐकलें, आणि मग होकार दिला. स्वर्गानें जिच्या होकाराची वाट पाहिली, तिच्या लेकींच्या होकाराची वाट पाहण्यास आपणांस वेळ नसावा काय?

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. घरांत निर्णयाचा सराव लहानपणापासून करवावा. सहा वर्षांच्या मुलास दोन सदऱ्यांतून एक निवडूं द्यावा. दहा वर्षांच्या मुलीस जत्रेसाठीं ठराविक पैसे द्यावे, आणि ते पहिल्याच दुकानांत संपले तर पुन्हां देऊं नयेत. ती रडेल, परंतु जत्रेंतलें तें रडणें पुढें कर्जांतल्या रडण्यापासून वांचवील. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून मोबाईलचे तास ठरवावे, नुसते लादूं नयेत. ठरल्यावर मात्र आपणहि ते पाळावे. दहावीच्या मुलास "काय होणार?" असें पाहुण्यांसमोर विचारूं नये, रविवारीं मिस्सा झाल्यावर वाडींत फिरतांना एकट्यास विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावें. हें गप्प बसणें फार कठीण आहे. मी अजून शिकत आहें.

शिक्षकांना माझी विनंति अशी कीं, वर्गांत बरोबर उत्तराबरोबरच "कां?" हेंहि विचारावें. ज्या मुलास आपलें कारण सांगतां येतें, त्यास दुसऱ्याचें कारण ऐकतांहि येतें. धर्मशिक्षणाच्या वर्गासहि हें लागू आहे. दहा आज्ञा पाठ म्हणून घेणें अवश्य आहे; परंतु दुकानदारानें चुकून जास्त पैसे परत दिले तर काय करावें, मित्र परीक्षेंत कागद मागूं लागला तर काय करावें, हे प्रश्न मुलांपुढें टाकून त्यांना विचार करूं द्यावा. मनाच्या आंतल्या ज्या खोलींत माणूस देवाबरोबर एकटा असतो, तिला आपण सदसद्विवेक म्हणतों. त्या खोलींत शिक्षक, आईबाप, धर्मगुरु यांपैकीं कोणी राहावयास जाऊं नये. तिच्यांत दिवा लावून द्यावा आणि बाहेर यावें.

विद्यार्थिमित्रांनो, हें सर्व ऐकून तुम्ही खूष झालां असाल. आतां तुमच्या वाट्याचें ऐका. निर्णय तुमचा, म्हणजे त्याचा जाबहि तुमचा. "मला वाटलें म्हणून" हें कारण नव्हे; वाटणें ही विचाराची सुरुवात आहे, शेवट नाहीं. तुमच्या निर्णयाची किंमत कोण देणार, हें आधीं पाहा. पुष्कळदां ती आईच्या बांगड्या देतात. आईबापांचें ऐका, पूर्ण ऐका. त्यांनीं जग पाहिलें आहे. चुकलांत तर त्यांच्यावर, शिक्षकांवर, नशिबावर खापर फोडूं नका; "मी चुकलों" म्हणावयास शिका, कारण तें म्हणतां येणाऱ्यासच रस्ता बदलतां येतो. आणि प्रार्थना करा. शलमोन राजास परमेश्वरानें हवें तें मागावयास सांगितलें, तेव्हां त्यानें दीर्घायुष्य, संपत्ति, शत्रूंचा नाश यांपैकीं कांहीं न मागतां बरेंवाईट ओळखणारें मन मागितलें. निकालाच्या आदल्या रात्रीं गुण मागणारीं मुलें मला पुष्कळ भेटतात; असें मन मागणारीं थोडीं.

तुम्ही विचाराल, त्या माझ्या तरुण इंजिनियराचें पुढें काय झालें? त्या दिवशीं मीं त्यास उत्तर दिलें नाहीं. देण्याचा मोह फार झाला; जुनी संवय होती. मी एवढेंच म्हणालों, "महिनाभर थांब. त्या मुलीशीं स्वतः बोल. कागदावर लिही. रोज पंधरा मिनिटें पवित्र संस्कारासमोर बस. मग ये." तो महिन्यानें आला. त्यानें काय ठरविलें होतें तें मी सांगत नाहीं. तें त्याचें आहे. त्यानें ठरविलें होतें, आणि सांगतांना माझ्याकडे पाहून बोलत होता, खालीं पाहून नव्हे. जातांना त्यानें माझा आशीर्वाद मागितला, सल्ला मागितला नाहीं. गुरुपणाच्या इतक्या वर्षांत इतक्या आनंदानें मीं आशीर्वाद क्वचितच दिला असेल.

या महोत्सवी वर्षांत देवळास नवा रंग लागला, घंटाघराची दुरुस्ति झाली, हें सर्व चांगलें आहे. परंतु पन्नासाव्या वर्षाचें खरें व्रत पाळावयाचें असेल, तर प्रत्येक घरानें या वर्षीं आपल्या मुलाची एक तरी गोष्ट त्यास परत द्यावी. एक प्रश्न असा विचारावा कीं ज्याचें उत्तर आपण आधींच ठरविलेलें नाहीं. बाराव्या वर्षीं मंदिरांत मागें राहिलेल्या आपल्या पुत्राचें बोलणें पवित्र मरिया आणि संत योसेफ यांना त्या वेळीं समजलें नाहीं; तरी मातेनें तें अंतःकरणांत जपून ठेवलें, आणि पुत्रहि त्यांच्याबरोबर नाझरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेंत राहिला. न समजलेलें जपणें आणि मोकळेपणीं आज्ञा पाळणें, हीं दोन्ही त्या एका घरांत नांदलीं. तीं आपल्या घरांतहि नांदोत, हीच त्या पवित्र कुटुंबाच्या चरणीं प्रार्थना करून, आणि तुम्हां सर्वांना प्रभूचा आशीर्वाद चिंतून, मी आपली रजा घेतों.